कबरी आत का जात नाही

जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यातली सकाळ. आमच्या परसातली कबरी कोंबडी पिसे फुलवून, मान खांद्यांत ओढून आवळीच्या बुंध्याशी उभी होती. बाकीच्या सहा कोंबड्या कोंड्याच्या परातीभोवती झोंबत होत्या आणि ही एक डोळा मिटून, एक अर्धवट उघडा ठेवून जणू त्या गडबडीशी आपला संबंध नसल्यासारखी स्वस्थ होती. त्याच आठवड्यात परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्याची आणि बर्ड फ्लूचे निदान पक्के झाल्याची बातमी आली होती. दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांतही तोच विषाणू सापडला होता. दापोली आमच्या गावापासून लांब असली तरी कोकणातच आहे, आणि कावळ्याला जिल्ह्याची हद्द नसते.

साहित्याच्या निवृत्त अध्यापकाने कोंबडीच्या आजाराविषयी लिहावे हे काहींना विषयांतर वाटेल. पण त्या पंधरा-वीस दिवसांत मी जे करत होतो ते वाचनच होते. हाती आलेल्या थोड्या खुणांवरून न दिसणाऱ्या कारणापर्यंत जाण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यात ज्या चुका झाल्या त्या मी आयुष्यभर वर्गात केलेल्या चुकांच्या जातीच्या होत्या. एका चुकीपायी एक जीव गेला. म्हणून हे लिहिणे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मी पुण्याचे घर बंद करून कुडाळजवळच्या आमच्या गावी आईकडे आलो. आईच्या कोंबड्या तेव्हा नऊ होत्या. त्यांची अंडी गोळा करणे आणि संध्याकाळी खुराड्याचे दार लावणे एवढी दोन कामे तिने माझ्याकडे सोपवली. खुराडे जुने, तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, वर कौले, आणि कोंबड्यांना बसायला भिंतीच्या खोबणींत बसवलेले दोन बांबू. शिकवणे थांबल्यावर हात मोकळे होते. मी एक वही केली. तीत अंड्यांचा हिशेब, कोणती कोंबडी खुडूक बसली, कोणी पिल्ले काढली, असे सारे लिहून ठेवू लागलो. निरीक्षण नोंदवले की ते आपल्याला समजले, असा एक समज अध्यापकी पेशात नकळत रुजतो.

कोंबडी आजारी आहे हे ओळखणे सोपे असते. कशाने आजारी आहे हे ओळखणे अतिशय कठीण. याचे एक कारण तिच्या स्वभावातच आहे. जे प्राणी दुसऱ्यांचे भक्ष्य असतात ते आपले दुखणे शक्य तितके लपवतात. कळपातला दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरतो, आणि कळपातल्या इतर कोंबड्याही त्याला टोचू लागतात. त्यामुळे कोंबडी पिसे फुलवून उभी राहते तेव्हा तिचे लपवणे संपलेले असते. आजार मात्र बराच आधी सुरू झालेला असतो. दुसरे कारण असे की तिची लक्षणांची शब्दसंपदा फार तोकडी आहे. पिसे फुलवणे, डोळे मिटणे, दाणा टाकणे, अंडे बंद होणे, विष्ठा पातळ होणे या चार-पाच शब्दांतच ती जंतापासून विषबाधेपर्यंत सारे सांगते. अंडे अडकलेली कोंबडीही अशीच उभी राहते आणि रक्ती हगवण झालेले पिल्लूही. खुडूक कोंबडीसुद्धा दाणा टाकते, अंगावर काटा आल्यासारखी फुलते, जवळ जाताच कुरकुरते. नवख्या माणसाला ती हमखास आजारी वाटते. एकच शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो तेव्हा अर्थ वाक्यात शोधावा लागतो, हे भाषेच्या माणसाला निराळे सांगायला नको. तरीही मी तो शब्दकोशात शोधत राहिलो.

कबरीच्या आधी पिवळी होती. डिसेंबर २०२० च्या अखेरीस पिवळी अशीच मलूल झाली. चालताना तिचे पाय लटपटत. मला आठवली ती मानमोडी. मानमोडी, म्हणजे पुस्तकी नावाने राणीखेत, हा रोग कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक घराच्या स्मरणात असतो. एखाद्या उन्हाळ्यात तो येतो आणि चार दिवसांत वाडीतली खुराडी रिकामी करून जातो. या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९२६ मध्ये जावा बेटावरून आले. १९२७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या साथीवरून त्याला न्यूकॅसल रोग हे नाव मिळाले, आणि आपल्याकडे तो कुमाऊंतल्या राणीखेतच्या नावाने ओळखला जाऊ लागला. हा सारा इतिहास मी पिवळीच्या निमित्ताने वाचून काढला. मान वळणे, पंख लुळे पडणे, हिरवट पातळ विष्ठा, धाप अशी लक्षणांची यादी वहीत उतरवली आणि मग पिवळीकडे पाहू लागलो. क्रम उलटा झाला होता. यादी आधी हातात आली की डोळे यादीतलेच शोधतात. पिवळीची विष्ठा मला हिरवट दिसली. सकाळी तिने शेवग्याचा पाला खाल्ला होता हे मला ठाऊक होते, पण ते यादीत नव्हते.

आई म्हणाली, "मान सरळ आसा मा तिची? मगे?"

मी तिला समजावले की मान नेहमी वळतेच असे नाही, काही कोंबड्यांत ते लक्षण उशिरा दिसते, तोवर रोग इतरांना लागतो. यातले एकही विधान खोटे नव्हते. माझा युक्तिवाद बिनचूक होता. आधारच चुकीचा होता. दोन दिवस आई नको म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी मी वाडीतल्या एकाला बोलावून पिवळीला मारवले आणि फणसाखाली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले. त्या रात्री आई जेवताना एवढेच म्हणाली, "रोगान नाय मेली ती." पुढचे वाक्य तिने उच्चारले नाही. पुढे आठ दिवस झाले तरी दुसरी एकही कोंबडी मेली नाही. तेव्हा मला आनंद झाला होता, कारण माझ्या उपायाने साथ टळली असे मी मानले. पुरावा निदानाविरुद्ध होता आणि मी तो निदानाच्या बाजूने वाचला.

आणि मग कबरी. या वेळी मला बर्ड फ्लू दिसू लागला हे सांगायला नकोच. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली या रोगाची पहिली साथ आली तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते. साथ ठरली की एक किलोमीटरच्या परिघातल्या सगळ्या कोंबड्या मारण्याचा नियम. आमच्या घरापासून एक किलोमीटर म्हणजे तीन वाड्या. त्यांतल्या निदान दहा-बारा घरांत अंड्यांच्या पैशांवर मीठ-मिरची येते. मी कळवले आणि चुकलो तर? न कळवले आणि चुकलो तर? पिवळीच्या वेळी माझ्या वाचनाची किंमत एक कोंबडी होती. आता ती तीन वाड्या होती.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. पलीकडचे डॉक्टर तरुण असावेत. त्यांनी लक्षणे विचारलीच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती कोंबड्या आजारी?" एक. "किती दिवस?" मी वही चाळली, कबरीने अंडे दिल्याची शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची होती. "म्हणजे तीन आठवडे होत आले, आणि मेलेली एकही नाही?" मी पिवळीविषयी काही बोललो नाही. ते म्हणाले, बर्ड फ्लूचा हा विषाणू असा आठवडेच्या आठवडे एकाच कोंबडीवर रेंगाळत नाही. तो आला तर दोन-तीन दिवसांत खुराड्यात मेलेल्या कोंबड्या मोजाव्या लागतील. तसे झाले तर हात न लावता लगेच कळवा. तूर्त तिला हातात घ्या आणि छातीचे हाड चाचपा. तुरा कोणत्या रंगाचा आहे ते उजेडात पाहा.

एका फोनमध्ये मी जे शिकलो ते असे : लक्षणाला काळ असतो. मी प्रत्येक लक्षण एखाद्या चित्रासारखे, स्थिर, पाहत होतो. डॉक्टरांनी ते कथेसारखे ऐकले. किती जणांना, कधीपासून, आधी काय, नंतर काय. तीन आठवड्यांची कथा आणि तीन दिवसांची कथा यांत पात्र एकच असले तरी कारण एक असू शकत नाही.

कबरीला हातात घेतले तेव्हा छातीचे हाड सुरीच्या पाठीसारखे बोटांना लागले; दोन्ही बाजूंचे मांस उतरले होते. तुरा फिकट, जवळजवळ राखेच्या रंगाचा. पापणीची आतली कडही पांढुरकी. म्हणजे अंगात रक्त नव्हते, आणि ते हळूहळू गेले होते. डॉक्टरांनी जंताचे औषध सुचवले. ते दिले. आठवडाभर वाट पाहिली. विष्ठेत जंत दिसले नाहीत, तुरा होता तसाच राहिला.

त्या आठवड्यात मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो, आणि तिथे मला माझ्यासारखाच, पण माझ्याहून फार मोठा एक वाचक भेटला. क्रिस्तियान आइकमन हा डच वैद्य १८८० च्या दशकात बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी जावाला गेला. तो काळ जंतूंचा होता. पाश्चर आणि कॉख यांनी रोगाचे कारण म्हणजे जंतू हे समीकरण रूढ केले होते, आणि आइकमनही जंतूच शोधत होता. बटाव्हियातल्या लष्करी इस्पितळाच्या आवारातल्या त्याच्या कोंबड्या अचानक लटपटू लागल्या, त्यांचे पाय लुळे पडले. ज्यांना जंतू टोचला होता त्याही आणि ज्यांना काहीच टोचले नव्हते त्याही. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले ते असे : मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात मिळत होता, नंतर नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला. त्या नकारामुळे वैद्यकाला एक मोठा सुगावा लागला. आइकमनला तो दिसला हे त्याचे मोठेपण. पण दिसल्यावरही त्याने अर्थ लावला तो असा की भातात काही विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा. कोंड्यात एक आवश्यक द्रव्य असते आणि ते न मिळाल्याने रोग होतो, हे १९०१ मध्ये त्याचा सहकारी गेरिट ग्रेन्स याने मांडले. असणे हेच ज्या काळी कारण मानले जात होते, त्या काळी नसणे कारण म्हणून वाचता येणे सोपे नव्हते. आइकमनला १९२९ चे नोबेल मिळाले.

हे वाचून मला बरे वाटले हे कबूल केले पाहिजे. चुकलेल्या माणसाला थोर माणसांच्या चुका फार आवडतात. मी आईलाही ही गोष्ट सांगितली. आमच्या कोंबड्यांना कोंडा रोज मिळतो, तेव्हा त्यांना तो रोग व्हायचा नाही, असा निष्कर्षही सांगितला. ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, "ती सांजची आत जाऊक मागणा नाय, ता तू खंय लिवलंस?"

मी ते लिहिले नव्हते. माहीत मात्र होते. गेले कितीतरी दिवस दिवेलागणीला कबरी खुराड्याच्या दाराशी येऊन थांबत होती. इतर कोंबड्या आत शिरत, ही दारात एक पाय उचलून उभी राही, मग वळून आवळीच्या खालच्या फांदीवर चढे. मी तिला रोज तिथून उतरवून आत सोडत होतो आणि दार लावत होतो. हे रोजचे काम असल्यामुळे ते माझ्या दृष्टीने निरीक्षणाचा भाग नव्हते. फार तर आजाराने तिला गर्दी सोसवत नसेल, असे मी मनाशी म्हटले असेन. आजाराचा तो परिणाम, असे मानून मी पुढे गेलो. आजाराचे कारण तिथे असेल हे सुचले नाही. वस्तुतः कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही आणि तिन्हीसांजेला आसरा गाठण्याची तिची ओढ इतकी बळकट असते की त्या वेळी तिला बाहेर ठेवणेच कठीण. अशी कोंबडी आत जात नसेल तर आत काहीतरी आहे.

"आत जनावर आसतला," आई म्हणाली. "रातची बॅटरी घेवन बघ."

जनावर म्हणजे साप. आमच्याकडे रात्री त्याचे नाव घेत नाहीत. तर त्या रात्री दहाच्या सुमारास मी साप शोधायला खुराड्यात शिरलो. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी, आणि जीव मुठीत. साप नव्हता. कोंबड्या दाटीवाटीने बांबूवर बसल्या होत्या. कबरी सर्वांत शेवटी, भिंतीला लागून. विजेरीचा झोत तिच्या पायांवर पडला आणि पायांचे खवले हलत आहेत असे वाटले. वाकून पाहिले. खवले हलत नव्हते. त्यांवरून लालसर काळे, वाळूच्या कणाएवढे असंख्य ठिपके सरकत होते. बांबूचे टोक ज्या खोबणीत बसवले होते तिच्यातून त्यांची रांग निघत होती. खिशातला पांढरा रुमाल मी बांबूच्या खालच्या अंगाने फिरवला आणि विजेरीखाली धरला. रुमालावर रक्ताची रेघ उमटली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगताच त्यांनी नाव सांगितले : रेड माइट, तांबडी कीड. ही दिवसा कोंबडीच्या अंगावर राहत नाही. लाकडाच्या भेगा, बांबूची पोकळी, भिंतीतल्या फटी यांत लपते. रात्री बाहेर पडते, झोपलेल्या पक्ष्याचे रक्त पिते आणि उजाडण्याआधी परतते. उपाशी असताना करडी, प्यायल्यावर लाल. रक्त मिळाले नाही तरी ती महिनोन्‌महिने तग धरते. कोंबडीला दिवसा कितीही निरखून पाहिले तरी तिच्या अंगावर कारण सापडत नाही. सापडतो तो फक्त परिणाम. चिऱ्याचा दगड तर जात्याच भोकाभोकांचा. आमचे खुराडे म्हणजे या किडीसाठी बांधलेला वाडाच होता.

मग कबरीच का? या प्रश्नाचे उत्तरही तिच्या शरीरात नव्हते. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलेफ श्येलदेरुप-एब्बे याने १९२० च्या दशकाच्या आरंभी ती शास्त्रीय रीतीने मांडली. आमच्या खुराड्यात उतरंडीच्या तळाशी असलेल्या कोंबडीला बांबूच्या टोकाची, भिंतीजवळची जागा मिळे. खोबण तिथेच होती. कबरीच्या आधी ती जागा कोणाची होती हे मला वही न उघडता आठवले. आईलाही आठवले असावे. रुमाल पाहून ती म्हणाली, "पिवळेचो तुरोय असोच पांढरो झालेलो." तिने यापलीकडे मला कधी काही ऐकवले नाही.

आणखी एक खूण होती, आणि ती तर माझ्याच अंगावर होती. दिवाळीपासून माझ्या मनगटांवर बारीक लाल पुरळ उठत होते आणि रात्री खाज सुटत होती. संध्याकाळी अंडी काढताना खुराड्यातल्या पेंढ्यात मी कोपरापर्यंत हात घालत असे. डास चावत असतील म्हणून मी तेल लावून झोपत होतो. ही कीड माणसालाही चावते. वहीत कोंबड्यांची इतकी पाने भरली, पण लिहिणाऱ्याच्या हाताविषयी एक ओळही नव्हती.

उपाय साधा निघाला, पण कष्टाचा. पेंढा आणि दोन्ही बांबू जाळले. भिंतींवर, खोबणींवर उकळते पाणी ओतले, सुकल्यावर फटी बुजवून चुन्याचे दोन हात दिले. उन्हाळी हवेत या किडीची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, म्हणून दहाव्या दिवशी सारे पुन्हा केले. नवे बांबू भिंतीला न टेकवता खुंट्यांवर आडवे ठेवले. कोंबड्यांना अंग घोळवायला चुलीतली राख आणि माती यांचा खड्डा करून दिला. मधले दिवस कबरीला आवळीवरच झोपू दिले. तीन आठवड्यांनी तिच्या तुऱ्याच्या टोकांशी लाली दिसू लागली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने अंडे दिले.

मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना समीक्षा शिकवली. विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांच्या १९४६ च्या निबंधाच्या आधाराने मी सांगत आलो की संहितेबाहेर जाऊ नका. लेखकाचे चरित्र, त्याचा हेतू, त्याचे घर यांत अर्थ शोधू नका. जे आहे ते शब्दांत आहे. ही शिस्त मला आजही मोलाची वाटते. तिच्यामुळे ऐकीव मतांवर विसंबण्याची सवय मोडते. पण कबरीच्या बाबतीत मी ही शिस्त पाळत होतो असे म्हणणे स्वतःला फसवणे ठरेल. मी तिला दिवसाउजेडी, हाताशी धरून, पुन:पुन्हा वाचत होतो हे खरे. पण तिच्या वागण्यातली सर्वांत ठळक गोष्ट, तिचे दाराशी थांबणे, मी वाचनातून वगळली होती. ती संहितेतच होती. मला गैरसोयीची, रोजच्या कामाच्या आड येणारी म्हणून ती मी हाताने उचलून आत ढकलत होतो. कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराने १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शिकारी, वैद्य, चित्रपारखी आणि गुप्तहेर यांना एका पंक्तीत बसवले आहे, कारण ते सारे क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलावरून दडलेल्या गोष्टीपर्यंत जातात. तो निबंध मी अनेकदा शिकवला. क्षुल्लक काय हे कोण ठरवते, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नाही.

आईचे निदानही चुकले होते, हे येथे नोंदवले पाहिजे. साप नव्हता. परंतु तिची चूक आणि माझी चूक यांत फरक होता. माझ्या चुकीच्या तर्काने पाहणे थांबवले. तिच्या चुकीच्या तर्काने मला योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठवले. सगळे तर्क खरे ठरत नाहीत, ठरणारही नाहीत. आपला तर्क आपल्याला रात्री खुराड्यात जायला लावतो की वही मिटायला, एवढे मात्र तपासता येते.

ही गोष्ट येथे संपली असती तर मी ती कदाचित लिहिली नसती. पण चुन्याचा दुसरा हात देताना मला एक विद्यार्थिनी आठवली, आणि तेव्हापासून ती मनातून गेलेली नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. द्वितीय वर्षाच्या वर्गातली ही मुलगी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रोज शेवटपर्यंत बसलेली असे. साडेसहाला दिवे मालवेपर्यंत ती उठत नसे. उठल्यावरही व्हरांड्यात पुस्तक उघडून उभी राही. शिपाई कुरकुरत. मी मात्र वर्गात तिचे उदाहरण देत असे. व्यासंग कशाला म्हणतात ते पाहा, असे एकदा मी तिला उभे करून साऱ्या वर्गाला सांगितले होते. ती खाली मान घालून उभी राहिली. तो मला विनय वाटला. वार्षिक परीक्षेला ती बसलीच नाही. पुष्कळ वर्षांनी तिची एक वर्गमैत्रीण भेटली तेव्हा बोलण्याच्या ओघात कळले की आई कामावरून परतण्याआधी घरी पोहोचायचे नाही, एवढ्यासाठी ती मुलगी ग्रंथालयात बसत होती. घरात एक माणूस होता, त्याची तिला भीती होती. ते पुस्तक कोणते असे हे मैत्रिणीला सांगता आले नाही. पाने उलटली जात नसत, असे ती म्हणाली.

एका मुलीच्या दुःखाची कोंबडीच्या आजाराशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही, तसे करणे अशोभनीय होईल. तुलना माझ्या दोन वाचनांची आहे. दोन्ही वेळा कोणीतरी घरी जायला तयार नव्हते आणि ते रोज, माझ्या डोळ्यांदेखत, एकाच वेळी घडत होते. एकदा त्याला मी आजाराचा परिणाम म्हटले, एकदा व्यासंग. मैत्रिणीने सांगितल्यानंतर मी हळहळलो होतो, पण माझ्याकडून काही चुकले असे मला तेव्हा वाटले नव्हते. कोणाच्या घरात काय चालते हे अध्यापकाला कसे कळणार, असे मी स्वतःला समजावले होते. कळणार नव्हते हे खरे. पण ती व्हरांड्यात का थांबते एवढे विचारता आले असते. मी तिचे कौतुक केले आणि कौतुक केल्यावर विचारण्यासारखे काही उरले नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी जे वर्गात उभे राहतात त्यांच्यासमोर दर वर्षी नवे चेहरे येत असतील. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. माझी वही आता बदलली आहे एवढे सांगतो. अंड्यांचा हिशेब मागच्या पानावर गेला. पुढच्या पानांवर मी फक्त संध्याकाळच्या नोंदी करतो : कोण आधी आत गेले, कोण मागे राहिले, कोण दारात थांबले. बहुतेक दिवशी लिहिण्यासारखे काही नसते. फणसाखालच्या खड्ड्यावर आईने हळदीचा एक कांदा लावला होता; पावसाळ्यात त्याला पाने आली. दिवेलागणीला मी तिथेच उभा राहतो, कारण तिथून खुराड्याचे दार नीट दिसते. कोंबड्या एकेक करून आत जातात. कबरी हल्ली तिसरी जाते.